रेग्युलेटर मावसभावाकडून मागवू की इथल्या डीलरकडून घेऊ?

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय, स्कुबा डाइव्हिंगच्या रेग्युलेटरबद्दल, म्हणजे टँकमधली हवा श्वासाजोगी करून तोंडापर्यंत आणतो तो. थोडं कापून देतोय:

"दादा, मी आयटीत आहे, वय ३२. नेत्राणीला ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, मग हॅवलॉकला पुढचा, अॅडव्हान्स्ड. वर्षाला एक अंदमान आणि जमलं तर मुरुडेश्वर नाहीतर गोवा, म्हणजे धरून चाला १०-१२ डाइव्ह. आता स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचाय. इथला डीलर पूर्ण सेटचे ५८ हजार सांगतोय. तोच सेट, तेच मॉडेल, अमेरिकेतल्या साइटवर ४३० डॉलर. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, डिसेंबरात येतोय, आणतो म्हणालाय. बायको म्हणते डाइव्ह सेंटरवर मिळतोच की, कशाला खर्च. मला वाटतं मावसभावाला सांगून टाकावं. तुम्ही काय म्हणता?"

दादा म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो.

आधी तुझ्या बायकोचं बोलणं घेऊ, कारण तिघांत तिचाच हिशोब जास्त पक्का आहे. आपल्याकडे बहुतेक सेंटरवर डाइव्हच्या पैशांतच सगळं गिअर येतं, तू स्वतःचा रेग्युलेटर घेऊन गेलास म्हणून कोणी बिल फारसं कमी करत नाही, मागितलंस तर शे-दोनशे सोडतील, ते पण ओळख असेल तर. ५८ हजारांचा सेट, वर्षाला १२ डाइव्ह, ८ वर्षं वापरलास तर १०० च्या आतबाहेर डाइव्ह होतात, म्हणजे प्रत्येक डाइव्हला ६०० रुपये नुसते रेग्युलेटरचे, आणि त्यात मधल्या सर्व्हिसिंगचे पैसे धरलेलेच नाहीत. तेव्हा पैसे वाचतील असं तिला सांगायला जाऊ नकोस, पकडला जाशील. घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. सेंटरवरचा रेग सीझनमध्ये रोज दोन-तीन तोंडांत जातो, त्याचा माउथपीस चावून चावून तुटायला आलेला असतो, तो शेवटचा कधी उघडला ते तुला माहीत नसतं आणि विचारलंस तर बऱ्याचदा समोरच्यालाही माहीत नसतं. आपला असला की श्वास किती हलका लागतो, कुठे कुरकुरतो, टँकमधलं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा खरं बोलतो का, हे सगळं अंगवळणी पडतं. हे कारण तुला ६०० रुपये डाइव्हला महाग वाटत नसेल तर घे. वाटत असेल तर मास्क, फिन्स आणि डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजणारा) घे आणि रेग्युलेटर दोन वर्षं विसर, काही बिघडत नाही.

आता घ्यायचाच म्हणतोस तर कुठून.

माझं मत सरळ आहे. रेग्युलेटर कुठे स्वस्त मिळतो हे नंतर बघ, तो दर दोन वर्षांनी उघडून, धुऊन, नवे पार्ट टाकून परत कोण देणार हे आधी बघ. हा माणूस सापडला की कुठून घ्यायचं त्याचं उत्तर आपोआप मिळतं. मी पावसाळ्यात सर्व्हिसच्या टेबलावर बसतो म्हणून हे एवढं ठासून सांगतोय, समुद्र बंद असतो तेव्हा आमच्याकडे हेच काम.

का ते सांगतो. टँकमध्ये २०० बार प्रेशर असतं. फर्स्ट स्टेज, म्हणजे टँकवर बसतो तो धातूचा गड्डा, ते प्रेशर उतरवून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त इतक्यावर आणतो, होजमधून, म्हणजे नळीतून, ते तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत जातं आणि तिथे तू श्वास ओढलास की पाण्याच्या प्रेशरइतकी हवा मिळते. हे सगळं काम आत एका छोट्या प्लास्टिकच्या सीटवर चालतं, नखाएवढी चीज, ती प्रत्येक श्वासाला उघड-बंद होते. शिवाय आठ-दहा ओ-रिंगा, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबराच्या कड्या. सीट झिजली की मधलं प्रेशर हळूहळू वर सरकायला लागतं, १० वरून ११, १२, आणि एक दिवस सेकंड स्टेज आपणहून हवा सोडायला लागते. घाबरायचं कारण नाही, रचनाच अशी असते की बिघडला तर हवा बंद व्हायच्या ऐवजी सुटत राहते, पण टँक काही मिनिटांत खाली होते आणि डाइव्ह तिथेच संपते. म्हणून बहुतेक कंपन्या वर्षाला तपासणी आणि दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्हनी पूर्ण सर्व्हिस सांगतात, काही अजून दर वर्षीच सांगतात. तुझ्या १२ डाइव्हने तेवढ्यात १०० होणार नाहीत पण दोन वर्षं होणारच, रबर कपाटात पडून पण म्हातारं होतं.

आणि इथे मेख आहे. हे सीट आणि ओ-रिंगचं किट प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, आणि बऱ्याच कंपन्या ते फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिसवाल्यालाच विकतात. गेल्या पावसाळ्यात एकाने सेट आणून दिला, परदेशातून ऑनलाइन घेतलेला, दिसायला एकदम भारी, स्वस्त पडला म्हणून खूश होता. त्या ब्रँडचा आपल्या देशात कोणी डीलरच नाही. सीट गेलेली. किट बाहेरून मागवायचं तर ज्याच्याकडून सेट घेतला तो म्हणतो आम्ही किट ग्राहकाला देत नाही, दुसऱ्याने पाठवलं ते वेगळ्या मॉडेलचं. ऑक्टोबर उजाडला, सीझन सुरू झाला, त्याचा रेग माझ्या ड्रॉवरमध्ये आणि तो सेंटरच्या भाड्याच्या रेगवर.

तुझ्या डीलरला फोन करून तीन गोष्टी विचार. सर्व्हिस तुम्ही इथेच करता की बाहेर पाठवता, करणारा माणूस या ब्रँडचं ट्रेनिंग घेतलेला आहे का, आणि या मॉडेलचं किट आत्ता स्टॉकमध्ये आहे का. तिसऱ्या प्रश्नाला "मागवून देऊ" असं उत्तर आलं तर ५८ हजारांतला बराच भाग नुसत्या दुकानाच्या पाटीचा आहे असं समज. आणि उलटं पण विचार, बाहेरून आणलेला सेट सर्व्हिसला घेता का. काही जण घेतात, जास्त पैसे लावतात, काही जण तोंडावर नाही म्हणतात. हे आधी कळलेलं बरं.

आता मावसभावाच्या ४३० डॉलरचा हिशोब कर. अमेरिकन साइटवरच्या भावात सेल्स टॅक्स नसतो, तो शेवटी बिलात लागतो, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के. म्हणजे झाले ४५८ डॉलर, आपले साधारण ४० हजार. तरी १८ हजारांचा फरक राहतो, कमी नाही, मला मान्य आहे. कस्टम्सचं म्हणशील तर प्रवाशाला सामानावर जी सूट असते ती २०१६ च्या नियमांत ५० हजारांची होती, हे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, डिसेंबरच्या आधी कस्टम्सच्या साइटवर चालू आकडा बघून घे. पण लक्षात ठेव, ती सूट माणशी असते, तो बायकोला घेऊन येत असला तरी दोघांची मिळून एका वस्तूवर लावता येत नाही. आणि मावसभाऊ डिसेंबरात येतोय म्हणजे मावशीला फोन, कोणाला घड्याळ, कोणाला परफ्यूम, हे पण त्याच सवलतीत बसायचंय. लॅपटॉप एक वेगळा सुटतो, बाकी सगळं एकाच पिशवीत. बिल बरोबर ठेवायला सांग, आणि बॉक्स फेकून "वापरलेला आहे" म्हणायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नकोस, एक्स-रेवर धातूचा गड्डा आणि चार होज बघून ते बॅग उघडायला लावतातच, तिथे चकचकीत कोरा सेट निघाला की मग बोलायला तोंड राहत नाही, आणि अडकेल तो बिचारा मावसभाऊ.

कुरिअरने तर मागवूच नकोस. पूर्वी ५ हजारांपर्यंतची गिफ्ट ड्युटीशिवाय यायची, डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झालं, त्यातून वाचली फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. आता ड्युटी, सरचार्ज, आयजीएसटी, वर कुरिअरवाल्याची क्लिअरन्सची फी, आणि हे सगळं पाठवायच्या खर्चासकट धरलेल्या किमतीवर. तुझे १८ हजार तिथेच वितळतात.

वॉरंटी. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात, ज्या अधिकृत दुकानातून घेतलं तिथेच चालते. "सर्व्हिसचे पार्ट आयुष्यभर फुकट" अशी जी स्कीम काही ब्रँड अमेरिकेत देतात ती ठाण्यात बसून घेता येईल असं धरून चालू नकोस. त्यात ती साइट अधिकृत आहे की नाही हे पण बघ, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर डीलरची यादी असते, त्यात नाव नसेल तर तो माल कुठून तरी फिरून आलेला असतो आणि सिरियल नंबर टाकला की कंपनी हात वर करते.

एक गोष्ट सगळेच विसरतात, गेज. अमेरिकन सेटला बारऐवजी पीएसआयचा, म्हणजे तिकडच्या प्रेशरच्या मापाचा गेज येतो. तुला २०० बार सुरुवात आणि ५० ला वर यायचं एवढं डोक्यात बसलंय, तिथे काट्यावर दिसणार ३०००, आणि ५० बार म्हणजे साधारण ७००. हॅवलॉकला १८ मीटरवर गाइड तुला हाताने हवा किती विचारणार, तू काटा बघणार १४५०, आता ते हाताने कसं सांगणार, तो १०० समजेल की आणखी काही, खाली असली गणितं करायला नकोत. गेज बदलून घेता येतो, पण ते परत वरचे पैसे. डेप्थचा गेज जोडून आला तर तो पण फुटात. मावसभावाकडून घेतलासच तर ऑर्डर करतानाच बारचा गेज माग, काही दुकानं देतात.

टँकला बसणार का ही काळजी अमेरिकन सेटबाबत कमी आहे. तिकडे आपल्यासारखाच योक चालतो, म्हणजे टँकच्या व्हॉल्व्हवर बाहेरून क्लॅम्पसारखा कसला जातो तो. आपल्याकडे अंदमान, गोवा, मालवण, नेत्राणी, जवळपास सगळीकडे अॅल्युमिनियमच्या ११ लिटरवाल्या टँका आणि योक. युरोपातून घेणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवायचे. तिकडे डिन चालतो, व्हॉल्व्हच्या आत स्क्रू होतो तो. डिन वाईट नाही, उलट मजबूत असतो, हलका असतो, ओ-रिंग आत दाबून बसते म्हणून निसटत नाही, आणि त्याला योकचा अॅडॉप्टर पण मिळतो. आपल्याकडच्या बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये आत एक इन्सर्ट असतो, अॅलन कीने काढला की डिन बसतो, फक्त तो इन्सर्ट कित्येक वर्षं कोणी काढलेला नसतो आणि बोटीवर अॅलन की शोधत सगळे थांबतात. खरा घोळ वेगळाच आहे, युरोपात नायट्रॉक्ससाठी (जास्त ऑक्सिजनवाली हवा) म्हणून एम २६ नावाची वेगळी थ्रेड काढली आहे, ती नेहमीच्या डिनपेक्षा मोठी, आपल्या कुठल्याच टँकवर बसत नाही. सेलमध्ये स्वस्त दिसतो म्हणून घेतला आणि इथे आल्यावर नुसता शोभेचा. तुझी कोणी आत्या-काका जर्मनीत असेल तर हे त्यांना आधी सांग.

मॉडेलचं तू विचारलं नाहीस पण सांगतो, कारण डीलर तुला वरचं काहीतरी गळ्यात मारायला बघणार. आपल्या समुद्राचं पाणी २६ ते २९ डिग्री असतं. युरोपियन नियमात १० डिग्रीच्या खालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे, त्यात पास झालेले मॉडेल महाग असतात, ते आइसलँडला जाणाऱ्याने घ्यावेत. टायटॅनियम हलकं असतं, गंजत नाही, आणि तुला त्याची गरज नाही. फर्स्ट स्टेज दोन प्रकारची असते, पिस्टनची आणि डायफ्रामची, म्हणजे रबरी पडद्याची. पिस्टनवाले साधे असतात, आत पार्ट कमी, सर्व्हिस स्वस्त, अंदमानच्या स्वच्छ पाण्याला एकदम ठीक. पण तू मुरुडेश्वर-गोवा करतोस, उद्या तारकर्लीला पण जाशील, तिथे पाण्यात गाळ आणि वाळू असते, तिथे डायफ्रामवाला बरा कारण त्याची आतली यंत्रणा पाण्यापासून बंद असते. बॅलन्स्ड डायफ्राम (टँक खाली होत आली तरी श्वास तेवढाच हलका लागतो असा), मधल्या किमतीचा, कंपनी कुठलीही नावाजलेली घे, स्कुबाप्रो, अॅपेक्स, अॅक्वालंग, मारेस, क्रेसी, सगळे चांगलेच बनवतात, कोणाचा श्वास किती मऊ यावर इंटरनेटवर जी भांडणं चालतात ती ३० मीटरच्या आत डाइव्ह करणाऱ्याने वाचूच नयेत. या पाचांतला ज्याचा सर्व्हिसवाला तुझ्या जवळ, तो तुझा ब्रँड.

तिसरा रस्ता पण आहे, तुझ्या डोक्यात आला नाही म्हणून सांगतो. थायलंड. बँकॉक, फुकेत, को ताओ, तिकडे डाइव्हिंगचा धंदाच एवढा मोठा आहे की दुकानं भरपूर, सर्व्हिसवाले भरपूर, किट स्टॉकमध्ये, गेज बारमध्ये, टँका आपल्यासारख्या योकच्या. भाव अमेरिकेइतका नाही पण इथल्यापेक्षा बऱ्याचदा कमी, वर ७ टक्के व्हॅट पासपोर्ट दाखवून फॉर्म भरला तर एअरपोर्टवर बराचसा परत मिळतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तिथेच पाण्यात घालून बघता येतो, काही कुरकुर असेल तर त्याच संध्याकाळी दुकानात नेऊन टाकता येतो. दोन वर्षांनी परत गेलास की सर्व्हिस तिथेच, ट्रिपच्या पहिल्या दिवशी द्यायचा आणि शेवटी घ्यायचा असं करू नकोस मात्र, आधी मेल करून वेळ ठरव. माझ्या ओळखीतले पुण्या-मुंबईचे बरेच जण असंच करतात.

सेकंडहँड घ्यायचा मोह होईल, ग्रुपवर "इन्स्ट्रक्टर गाव सोडून चाललाय, अर्जंट" अशा पोस्ट येतातच. घ्यायला हरकत नाही, पण फर्स्ट स्टेजची धूळटोपी काढून आत बघ, तिथे धातूच्या बारीक दाण्यांचा एक छोटा गोल फिल्टर दिसतो. तो चंदेरी किंवा पितळी असेल तर ठीक. हिरवट दिसला म्हणजे आत खारं पाणी गेलंय, बहुतेक ओली टोपी तशीच लावून धुतला असणार. काळपट म्हणजे कॉम्प्रेसरचा कार्बन, तपकिरी म्हणजे लोखंडी टँकचा गंज. हिरवा असेल तर भाव करत बसू नकोस, परत दे. आणि किंमत ठरवताना पूर्ण सर्व्हिसचे पैसे त्यात मिळव, मालकाने "आत्ताच केलीय" म्हटलं तरी.

मग निकाल काय? डीलरने तीन प्रश्नांची धड उत्तरं दिली तर इथेच घे, ५८ मागतोय तर ५२-५३ ला ये म्हण, आणि पहिल्या सर्व्हिसची मजुरी त्यात लिहून घे, बिलावर, तोंडी नको. उत्तरं गोलमोल आली आणि वर्षभरात थायलंडला जायचं होत असेल तर तोपर्यंत थांब. मावसभावाकडून एकाच परिस्थितीत, साइट अधिकृत असेल आणि इथला एखादा सर्व्हिसवाला "हो, हा ब्रँड, हे मॉडेल, बाहेरून आणलेलं असलं तरी मी करतो" असं स्पष्ट सांगत असेल तर. मग ते १८ हजार खरंच तुझे.

घेतलास की दोन गोष्टी सांभाळ. डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडव, पण टोपी आधी कोरडी पुसून घट्ट लाव आणि टँकवर नसताना सेकंड स्टेजच्या मधलं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नकोस, दाबलंस की पाणी होजमधून आत जातं. आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बॅगेत कोंबून ठेवू नकोस, बुरशी येते, आणि सेकंड स्टेजमध्ये झुरळं घर करतात, हसू नकोस, मी काढलेली आहेत. हवाबंद डब्यात, होज न मुडपता, पूर्ण वाळवून. विमानात केबिन बॅगेत ने, अंदमानच्या फ्लाइटला चेक-इनचं वजन असंही पुरत नाही. सिक्युरिटीवाले कधी कधी काय आहे विचारतात, मोबाइलवर डाइव्हिंगचा एक फोटो दाखवला की सोडतात.

आणि मावसभाऊ आणतो म्हणालाय तर त्याला रिकामा सोडू नकोस, त्याला डाइव्ह कॉम्प्युटर सांग. कॉम्प्युटर दर दोन वर्षांनी कोणी उघडावा लागत नाही, फूट-मीटर सेटिंगमध्ये बदलता येतं म्हणून अमेरिकेतला घेतला तरी अडत नाही, आणि भावाचा फरक पण चांगला असतो. फक्त बॅटरी आपली आपल्याला बदलता येईल किंवा चार्ज करता येईल असंच मॉडेल निवड, आणि एक जादा पट्टा मागवून ठेव, तो आपल्याकडे शोधून मिळत नाही.